एकच साक्षीदार, बहुधा विमान

अप्पा,

बुधवार, ११ डिसेंबर, संध्याकाळचे सहा वाजून बेचाळीस मिनिटं. ही वेळ मी घड्याळात बघून लगेच लिहून ठेवली. नंतर आठवून लिहिलेली वेळ म्हणजे अंदाज, आणि अंदाजाला आपल्या घरात कधी किंमत नव्हती. या वेळेला माझ्या फोनवर एक उत्तर आलं. लोकांना आकाशात दिसलेल्या उल्कांच्या आणि न कळलेल्या दिव्यांच्या नोंदी गोळा करणारी काही हौशी मंडळी आहेत, त्यांची वेबसाइट आहे. तिच्यावर मी तीन दिवस आधी माझी नोंद रीतसर भरली होती. उत्तर इंग्रजीत होतं आणि दीड ओळीचं होतं. त्याचं मराठी करायला मला काही कष्ट पडले नाहीत, कारण ते मराठी मला अकरा वर्षांची असल्यापासून पाठ आहे. एकच साक्षीदार, बहुधा विमान. नोंद बंद. त्याखाली एक पिवळा हसरा चेहरा आणि ‘आकाशाकडे बघत राहा!’ असा उपदेश. एकोणसत्तर वर्षांच्या बाईला. तुमच्या उत्तरांत निदान हसरा चेहरा नसायचा.

तुम्हांला जाऊन तेवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हांला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहायला बसले ती भांडायला. त्या वेबसाइटवाल्यांशी भांडून झालं. तीन पत्रं पाठवली, तिसऱ्याला उत्तरच आलं नाही. पण ते वाक्य त्यांचं नाही, अप्पा. ते तुमचं आहे. आणि त्याचा हिशोब मला त्या पोरांकडून नको, तुमच्याकडून हवा आहे.

आधी काय दिसलं ते सांगते, तुमच्याच पद्धतीने. रविवारी ८ तारखेला सकाळी मी लेप, म्हणजे इथली रजई, उन्हात घातला होता. थंडी सुरू झाली की कलकत्त्यातली सगळी घरं आपापल्या रजया गच्चीवर टाकतात, मीही टाकते. आणायचं विसरले. सहा वाजून गेल्यावर आठवलं, वर गेले तेव्हा त्याच्यावर दव धरलं होतं. मी लेप खांद्यावर घेतला आणि पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिले, कारण आमच्या बेहालाच्या गच्चीवरून तेवढी एकच बाजू मोकळी आहे. उजवीकडे खिदिरपूर, समोर गार्डन रीच, त्यापलीकडे नदी. सहा वाजून सतरा मिनिटांनी उजवीकडून डावीकडे एक दिवा गेला. रंग हिरवट पांढरा. हात लांब करून मुठीने मोजलं तर चार मुठी उंचीवर सुरू झाला आणि दोन मुठींवर संपला. ‘एकशेएक’ म्हणायला घेतलं ते ‘एकशेचार’पर्यंत पोचले. संपताना त्याचे दोन तुकडे झाले, मागचा तांबडा होऊन विझला. आवाज नाही. विमान असं तुटत नाही, आणि तुटलंच तर दुसऱ्या दिवशी पेपरात येतं.

एवढं सगळं मी बरोबर केलं. पायांच्या जागी खडूने खूण केली, तुम्ही दिलेलं होकायंत्र खालून आणून दिशा घेतली. फक्त एक गोष्ट करायची राहिली. तुम्ही मला सगळ्यांत आवर्जून शिकवली होती ती. आधी डावा डोळा मिट, मग उजवा. दोन्ही डोळ्यांना दिसलं तर ते आकाशात आहे. एकालाच दिसलं तर ते डोळ्यात आहे. चार सेकंदांत दोनदा करता आलं असतं. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले, खांद्यावर ओला लेप घेऊन, एखाद्या खुळ्यासारखी.

म्हणून मला दुसरा साक्षीदार हवा होता. मी इमारतीतल्या पंधरा घरांच्या घंट्या वाजवल्या. रविवारी सव्वासहाला माणसं टीव्हीपुढे होती, बाथरूममध्ये होती, मॉलमध्ये होती. आकाशाखाली कोणीच नव्हतं. तळमजल्यावरचे निवृत्त गृहस्थ तेवढे बाहेर खुर्ची टाकून बसलेले होते. ते म्हणाले, “ओ किछू ना, दीदी. ड्रोन.” मी विचारलं, “तुम्ही पाहिलंत?” म्हणाले, “ना, ना, देखि नि. किंतु ड्रोन.” न बघता इतकी खात्री असलेला माणूस मला तुमच्यानंतर पहिल्यांदा भेटला.

माझी मुलगी न्यू टाउनला राहते, चौदाव्या मजल्यावर. तिला फोन केला. ती जन्मली इथेच, तिचं मराठी तुम्ही ऐकलं होतंच. ते पुढे फारसं सुधारलं नाही. “आई, तू नक्की काय बघितली?” म्हणाली. मी सगळं सांगितलं, मुठी, सेकंद, तुकडे. मग ती हळूच म्हणाली, “आई, आजीचं पण असंच स्टार्ट झालं होतं ना? लाइट दिसायचा?” मी म्हटलं, “तुझी आजी वेगळी होती.” म्हणाली, “सेम डोळे आहेत, आई. प्लीज.” आणि मला न विचारता तिने डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. सोमवार, १६ तारीख, सकाळी अकरा. ती दुसऱ्या दिवशी दुपारीच मला न्यायला निघाली होती, मीच आढेवेढे घेतले.

तर अडचण ही अशी आहे. तो दिवा आकाशातला असेल तर मी एक शहाणी, सावध बाई आहे आणि ते पिवळे हसरे चेहरे मूर्ख आहेत. डोळ्यातला असेल तर माझं आईसारखं होणार, आणि सहा दिवस मी नुसते वाद घालण्यात घालवले.

तुमचं काम मला आठवतं ते त्या करड्या पाकिटांमुळे. मुंबईहून बदली होऊन आपण खिदिरपूरच्या क्वार्टर्समध्ये आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तुमच्या खात्याचं मुख्य काम दुसरंच होतं, हवेच्या दाबाचं, वाऱ्याचं. पण लोकांना आकाशात काहीबाही दिसायचं आणि ते सरकारला पत्रं लिहायचे. ती पत्रं कोणाला नको असायची म्हणून नव्या माणसाच्या टेबलावर आली, आणि तुम्हांला ती इतकी आवडली की पुढे तुम्ही ती कोणाला दिलीच नाहीत. ऑफिसचं उत्तर इंग्रजीत जायचं. घरी तुम्ही तपकिरी पुठ्ठ्याच्या वहीत प्रत्येकाची नक्कल मराठीत ठेवायचात. तारीख, वेळ, ठिकाण, साक्षीदार किती, काय दिसलं, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. रविवारी सकाळी पोहे खाताना तुम्ही आम्हांला पत्रं वाचून दाखवता. एक तागाच्या गिरणीतला कारकून लिहितो की दिवा त्याच्या मागोमाग ट्रामच्या थांब्यापर्यंत आला. बोटीवरचा एक आचारी लिहितो की तो पाण्यात पडला तेव्हा चर्र आवाज झाला, कढईत कांदा पडावा तसा. एका गृहस्थाने लिहिलंय की सासूबाई गेल्या त्या संध्याकाळी छपरावर निळा गोळा दिसला, तरी तो कोणत्या खात्यात कळवावा. तुम्ही हसता हसता ठसका लागून पाणी मागता. आई पाण्याचा पेला पुढे करते आणि विचारते, “मग काय होता तो गोळा?” तुम्ही म्हणता, “शुक्र.” कालीपूजेच्या दिवसांत सगळ्यांना शेरा एकच, फानूस; कागदाचे ते कंदील पोरं आकाशात सोडायची. बाकी वर्षभर शुक्र, नाहीतर विमान. आई एकदा म्हणाली, “हा शुक्र तुम्हांला वेगळा पगार देतो का हो?” तेव्हा मात्र तुम्ही हसला नाहीत.

मला ते सगळं फार आवडायचं, हे कबूल केलं पाहिजे. दहाव्या वाढदिवसाला तुम्ही मला होकायंत्र दिलंत, पितळी, रुमालात गुंडाळून. वर्गातल्या मुलींना बाहुल्या मिळायच्या. तुम्ही गच्चीवर नेऊन मला पाय कुठे ठेवायचे ते शिकवलंत, मुठीचे दहा अंश शिकवलेत, डोळे आळीपाळीने मिटायला शिकवलंत. म्हणालात, “काय होतं ते कधी लिहायचं नाही. काय दिसलं तेवढं लिहायचं. काय होतं ते ठरवायला आम्ही बसलोय.” शाळेत सिस्टर सांगायच्या की अर्धं सत्य हे पूर्ण खोट्याहून वाईट. तुम्ही आणि सिस्टर, दोघांचं मिळून मला वाटायचं की जगात बहुतेक सगळ्याची व्यवस्था लागलेली आहे.

मग ती डिसेंबरातली संध्याकाळ. मी अकरा वर्षांची. गणितात मला शंभरपैकी एकतीस पडले होते आणि तुम्ही शिक्षा केली होती, महिनाभर गच्ची बंद. कलकत्त्यात डिसेंबरात साडेपाचलाच अंधार होतो. आई स्वयंपाकघराच्या मागच्या गॅलरीत मेथी निवडत बसली होती. तुम्ही साडेसहाला आलात, बूटही काढले नव्हते, आणि ती पदराला हात पुसत बाहेर आली. मी तिला तसं बोलताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. इथे आल्यापासून ती गप्पच झाली होती. गावी, मिरजेला, तिचं बोलणं गल्लीच्या टोकापर्यंत जायचं. इथे कोळंबीवाल्याशीसुद्धा बोटांनी बोलायची. त्या दिवशी ती म्हणाली, “अहो, मी पाहिलं. मी स्वतः पाहिलं. हिरवा गोळा होता, इकडून तिकडे गेला, आणि समोरच्या भिंतीवर माझी सावली पडली. पडली आणि सरकली. माझी सावली सरकली हो, मी जागची हलले नव्हते.”

तुम्ही बूट काढलेत. वही घेतलीत. स्वयंपाकघरात पाटावर बसून तुम्ही तिला प्रश्न विचारलेत, जसे इतरांना पत्रातून विचारायचात तसे. वेळ? तिने सांगितली, शेजारचा भोंगा नुकताच वाजून गेला होता. किती मुठी? तिने हात लांब करून दाखवलं. हाताला मेथीचा वास होता, तो मला आत्ताही येतो. दुसरं कोणी होतं? नव्हतं. तुम्ही माझ्याकडे वळलात. “तू कुठे होतीस?” मी म्हटलं, “आत. गणित करत होते.” तुम्ही क्षणभर माझ्याकडे बघितलंत आणि पुन्हा वहीत मान घातलीत. “अगं, एकाच माणसाचं धरता येत नाही,” तुम्ही तिला म्हणालात. “तुझंच असं नाही, कोणाचंच नाही.” आणि तिच्यासमोर शेरा लिहून वाचून दाखवलात. एकच साक्षीदार, बहुधा विमान. आई म्हणाली, “विमानाने सावली सरकते?” तुम्ही म्हणालात, “चहा टाक.”

त्यानंतर ते आपल्या घरातलं हुकमी वाक्य झालं. आई म्हणायची दूध नासलंय. तुम्ही म्हणायचात, विमान असेल. आई म्हणायची वरच्या मजल्यावर कोणी रडतंय, विमान. पाहुण्यांना तुम्ही ती गोष्ट सांगायचात, सावलीसकट, हातवारे करून. पाहुणे हसायचे. आई आधी रागवायची, मग हसायला लागली, मग ती स्वतःच म्हणायची, “मला असं वाटतंय, पण विमान असेल.” तुम्हांला तो विनोद वाटायचा. मलाही वाटायचा. मी बँकेत अधिकारी झाले, माझं लग्न झालं, मूल झालं, तरी तो विनोद चालूच होता.

तुम्ही निवृत्त झालात, मिरजेला जायचं जायचं म्हणत खिदिरपुरातच भाड्याच्या घरात राहिलात. आई बासष्ट वर्षांची होती. रविवारची दुपार, चारचा चहा, मी मुलीला घेऊन आले होते. आई म्हणाली, “अहो, परवापासून मला उजव्या बाजूला काहीतरी चमकतंय. वीज चमकावी तसं. अंधारात जास्त.” तुम्ही पेपरातून डोकं वर न काढता म्हणालात, “विमान असेल.” आणि आपण तिघंही हसलो. तीसुद्धा. मग ती कप विसळायला उठली.

अकराव्या दिवशी तिला खालून वर कोणीतरी काळी साडी ओढतंय असं दिसायला लागलं. डोळ्याचा पडदा सुटला होता. डॉक्टर तरुण होते, बंगाली, हिंदीत बोलत होते. म्हणाले, चमक दिसली त्या आठवड्यात आला असता तर बरंच वाचवता आलं असतं. मग त्यांनी आईला विचारलं, चमकायचं तेव्हा एक डोळा मिटून बघितलं होतं का, कुठल्या डोळ्यात आहे ते? आई म्हणाली, “हमको किसीने बोला नहीं.”

तुम्ही शेजारच्या खुर्चीवर होतात, मांडीवर छत्री आडवी धरून. शेकडो अनोळखी लोकांना तुम्ही हे कळवलं होतं, अप्पा. तागाच्या कारकुनाला, बोटीवरच्या आचाऱ्याला, सासू गेलेल्या त्या गृहस्थाला. टपाल खर्च सरकारी. आणि जिच्या हातचं जेवलात तिला नाही. त्या दिवसानंतर ‘विमान’ हा शब्द तुमच्या तोंडून आला नाही. चुकलो, हाही आला नाही. शस्त्रक्रिया झाली, उपयोग झाला नाही; उजवा डोळा गेला, डाव्यावर भिस्त राहिली. तुम्ही भाजी चिरायला लागलात, तिला पेपर वाचून दाखवायला लागलात, संध्याकाळी तिला हाताला धरून गॅलरीत नेऊन बसवायला लागलात. लोक म्हणायचे, काय प्रेम आहे. मी मनात म्हणायचे, आता? इतकी वर्षं मी तुम्हांला माफ केलेलं नाही, आणि ते तुम्हांला कधी कळू दिलं नाही, कारण माझं शिक्षण चांगल्या शाळेत झालं होतं.

परवा, गुरुवारी, त्या वेबसाइटवाल्यांना चौथं पत्र लिहायचं म्हणून मी माळ्यावरून तुमची तपकिरी वही काढली. मला तुमचा शेरा शब्दशः हवा होता, त्यांना दाखवायला, की ही भाषा किती जुनी आणि किती आळशी आहे. वही आधी शेवटून उघडली. शेवटची पानं मी कधी पाहिलीच नव्हती. अक्षर थरथरतं आहे. ‘सायं. ५.५०. खिदिरपूर, मागची गॅलरी. साक्षीदार: सौ. बगळे, नऊ, नदीकडे.’ ‘सायं. ६.०५. साक्षीदार: सौ. एक तारा, नारळाच्या डावीकडे. दोन असावेत म्हणते.’ पानंच्या पानं. रोजची. काय दिसतंय ते तिला विचारून तुम्ही लिहून घेत होतात, आणि शेऱ्याचा रकाना प्रत्येक ओळीला रिकामा ठेवलेला. मी माळ्याच्या शिडीवरच बसले. तरी राग गेला नाही. तिला सांगायचं होतंत हे, वहीला काय सांगता?

मग मी ती जुनी नोंद शोधली. मेथीची संध्याकाळ. भोंगा, मुठी, सावली, सगळं तुम्ही लिहिलं आहे, अगदी तिच्या शब्दांत, ‘मी जागची हलले नव्हते’सकट. शेवटी शाईने: एकच साक्षीदार, बहुधा विमान. आणि त्या शेऱ्याखाली पेन्सिलने, बारीक, एक ओळ आहे. आपण हसत नोंदी वाचल्या त्या रविवारांत ती नव्हतीच, किंवा तुम्ही ती आमच्यापासून हाताखाली झाकलेली होती.

‘मुलीच्या कोपरांना चुना होता. पुन्हा विचारायला हवं होतं.’

क्वार्टर्सच्या गच्चीच्या कठड्याला त्याच आठवड्यात चुना मारला होता. तुम्हांला आठवत असेल. तुम्हांला तेव्हाच दिसलं होतं.

आता मी लिहिते, काय होतं ते नाही, काय दिसलं ते. मी गच्चीवर होते. गणिताची वही खाली पलंगावर पालथी टाकून जिन्याने वर गेले होते, कठड्यावर कोपरं टेकून उभी होते. गोळा हिरवा होता. दोन तुकडे झाले, मागचा तांबडा. डावा डोळा मिटला, उजवा मिटला. अकराव्या वर्षी मी ते विसरले नाही. दोन्हींना दिसला. सावलीही पडली आणि सरकली, माझी. खाली गॅलरीत आई ‘अगंबाई’ म्हणाली ते मी वरून ऐकलं. तुम्हांला दोन साक्षीदार हवे होते, स्वतंत्र, वेगळ्या जागी उभे असलेले. तुमच्या सगळ्या वहीत इतकी नामी नोंद दुसरी नसेल. आणि मी म्हटलं, आत, गणित करत होते. गच्ची आणखी एक महिना बंद होऊ नये म्हणून. वर्गातल्या कॅथलिक मुलींना दर शुक्रवारी फादरकडे कबुली देऊन पाटी पुसून मिळायची. आम्हां हिंदू मुलींना ती सोय नव्हती. आम्ही ते घरी घेऊन यायचो आणि तिथेच ठेवायचो.

पुढे बोलता आलं असतं. गणित संपलं, शाळा संपली, गच्चीही गेली. पण तोवर तो विनोद झाला होता आणि मला विनोदाच्या बाजूला उभं राहायची सवय झाली होती. तुम्ही गेल्यावर आई माझ्याकडे राहिली. शेवटच्या वर्षी, केस विंचरून घेताना, तिने एकदा विचारलं, “तो दिवा खरा होता ना गं?” आमच्याशिवाय घरात कोणी नव्हतं. कोणाची शिक्षा व्हायची नव्हती. मी म्हटलं, “असेल गं, आई.” होता, असं म्हणायला तेवढाच वेळ लागला असता. ती म्हणाली, “हं,” आणि मी वेणी घातली.

म्हणजे तुमचा शेरा खोटा नव्हता, अप्पा. तुमच्यापुढे एकच साक्षीदार होता, कारण दुसरी उभी राहून खोटं बोलत होती. इतकी वर्षं तुमच्यावर धरलेला राग मी आता कुठे ठेवू, ते मला कळत नाही. सगळा परत घेणार नाही; तो चहा टाक, ते विमान, ती न शिकवलेली गोष्ट, ते तुमचंच. पण वही उघडल्यापासून मी रोज डावा डोळा मिटते, मग उजवा, अंधारात, खोलीतला दिवा घालवून. कुठे काही चमकत नाही. यावर मला बरं वाटायला हवं. मला वाटतं, मी त्या रविवारी आकाशात काही पाहिलंच नसेल, तर देवाने किंवा डोळ्याने मला तो जुनाच दिवा पुन्हा दाखवला, कारण त्या वेळची साक्ष अजून बाकी आहे.

मुलीला हे सांगितलेलं नाही. ती विचारेल, “आजीला बोलली का नाही तू?”

मला तुमच्याकडून एकच खुलासा हवा आहे. त्या वहीतल्या प्रत्येक ओळीला तारीख आणि वेळ आहे, बगळ्यांनासुद्धा. फक्त त्या पेन्सिलच्या ओळीला नाही. तुम्ही ती कधी लिहिलीत? त्याच संध्याकाळी, चहा येईपर्यंत, की आईचा डोळा गेल्यावर? त्याच संध्याकाळी लिहिली असेल तर मी खोटं बोलते आहे हे तुम्हांला माहीत होतं, आणि तरी तुम्ही तीस वर्षं तो विनोद आपल्या दोघांच्या जिवावर चालू दिलात. डोळा गेल्यावर लिहिली असेल तर तुम्ही एकटेच ते आठवत बसला होतात, शेजारच्या खोलीत मी असताना, आणि मला पुन्हा विचारलं नाहीत. यातलं जास्त वाईट कोणतं ते मी दोन दिवस ठरवते आहे. ठरत नाही.

हे पत्र टपालात टाकण्याजोगं नाही; वहीत, त्याच पानावर ठेवते आहे. माझी साक्ष पेन्सिलच्या ओळीखाली शाईने नोंदवली आहे, तारीख-वेळेसकट. तुम्ही शेरा दुरुस्त करावा आणि त्या ओळीची तारीख व वेळ मला लेखी कळवावी, सोमवार, १६ डिसेंबर, सकाळी अकराच्या आत. अकरानंतर ते डोळ्यांत थेंब घालतील, आणि मग संध्याकाळपर्यंत मला काही वाचता येणार नाही.